शालन मावशींची भीती

सातारच्या आमच्या निवाऱ्यासाठी काळजीवाहक बाई नेमायची असली की मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "भीतीबिती वाटत नाही ना तुम्हाला?" समोरची बाई पदर सावरून म्हणते, "छे हो, मी कशाला भिते!" सगळे समाधानानं माना डोलावतात. मला मात्र तेवढ्यापुरती ती बाई नको वाटते. हे मी अजून कुणाला पटवून देऊ शकलेले नाही. त्यासाठी सांगलीच्या शालन मावशी माहीत असाव्या लागतात.

माझी पहिली नोकरी सांगलीत, बेघरांच्या निवाऱ्यावर. महापालिकेनं पटसंख्येअभावी बंद पडलेली एक शाळा त्यासाठी दिली होती. इमारत, पाणी, वीज महापालिकेची, आणि चालवायला आमची बायकांची संस्था. स्टँडवर, देवळांच्या पायऱ्यांवर, पुलाखाली पडलेली माणसं तिथं यायची किंवा आणली जायची. अंघोळ, जेवण, दवाखाना, आधार कार्ड, पेन्शन, आणि सापडलं तर त्यांचं घर, असा कामाचा क्रम. मी व्यवस्थापक होते आणि शालन मावशी काळजीवाहक.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "ताई, हितं कोन मेलं तर आधी आत तुमी जायाचं का मी?"

मी म्हटलं, "दोघी जाऊ."

"मंग चालतंय," असं म्हणून त्या तांदूळ निवडायला बसल्या.

मावशी पन्नाशीच्या होत्या. अंगानं काटकुळ्या. चालायच्या त्या नेहमी भिंतीच्या कडेनं, जणू व्हरांड्याचा मधला भाग दुसऱ्या कुणाच्या मालकीचा आहे. त्या कुत्र्यांना भ्यायच्या, इंजेक्शनला भ्यायच्या, महापालिकेची गाडी फाटकात शिरली की भ्यायच्या. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो वाजून बंद होईपर्यंत त्या फोनकडं बघत उभ्या राहायच्या. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून त्या पुरुषांच्या खोलीच्या दारात थांबायच्या. आत जायच्या नाहीत.

"काय बघता मावशी?"

"पांघरुनं हलत्यात का बगते."

सगळी पांघरुणं हलताना दिसली की चहाचं आधण चढायचं. एखादं हललं नाही तर मला हाक यायची, आणि ठरल्याप्रमाणं आम्ही दोघी आत जायचो. बहुतेक वेळा माणूस गाढ झोपलेलं असायचं. दोनदा तसं नव्हतं.

त्यांच्या आयुष्याविषयी मला फार माहिती नाही. नवरा वारल्यावर दिरांनी घराला कुलूप घातलं आणि काही काळ त्या कराडच्या स्टँडवर गाठोडं घेऊन राहिल्या, एवढं कळलं होतं. त्याविषयी त्या एकच वाक्य बोलल्या. "स्टँडवर बाईमानूस झोपत न्हाई ताई, नुस्तं डोळं मिटतंय."

भीती त्या लपवत नसत. हीच त्यांची गंमत, आणि पुढं कळलं की हीच ताकद. एकदा दगडू नावाचा ऊसतोडीतून सुटलेला एक आडदांड माणूस आला. त्याच्या पिशवीत कोयता होता. तो कुणाला हात लावू देईना. मी पोलिसांना फोन करायच्या बेतात होते. मावशी हातभर लांब उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, मला तुमची लय भ्या वाटती. माझं हात बगा कसं कापत्यात. त्ये कोयत्याचं माज्यापाशी द्या, म्हंजी मला जेवान वाढता यील."

दगडू त्यांच्या हातांकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं कोयता काढून दिला. आजवर त्याला लोकांनी हाकललं होतं, मारलं होतं. 'तुझी भीती वाटते' असं सरळ कुणी सांगितलं नसावं. मावशींनी कोयता स्वयंपाकघरात ठेवला आणि मग दिवसभर त्या कोयत्यालाच भीत राहिल्या. शेवटी त्यावर पोतं टाकलं.

एका दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. तिशीचा एक माणूस उतरला, रिक्षात त्याचे वडील, मांडीवर कपड्यांचं बोचकं. "चार दिवस ठेवून घ्या मॅडम. घरी पाहुणे येणार आहेत."

मी काही बोलायच्या आत मावशी फाटकात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "आत घ्याचं न्हाई."

मी चक्रावले. माणसं आत घेणं हेच तर आमचं काम. मावशींनी मला बाजूला ओढलं. "ताई, ह्यो उंबरा एकदा वलांडला की म्हातारा घरचा ऱ्हात न्हाई. पावनं जात्यात, पर म्हाताऱ्याची जागा भरून जाती. रस्त्यावरच्याला आत घ्या. ज्याला घर हाय त्येला हितं आनू नका."

मुलगा आवाज चढवू लागला. मावशींनी डोळे घट्ट मिटले, तशाच पुढं झाल्या आणि रिक्षात म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसल्या. पुढच्या दांडीला दोन्ही हातांनी धरलं. "चला, तुमचं घर दावा."

मी स्कूटीवरून मागून गेले. दोन खोल्यांचं घर. सून दारातच रडायला लागली. म्हातारा अंथरुणात करायचा, ती एका हॉटेलात भाकरी करायला जायची, धुणार कोण आणि कधी? मावशी तिला लागेल असा एक शब्दही बोलल्या नाहीत. अंथरुणाची घडी उचलली आणि मोरीत जाऊन धुवायला बसल्या.

तिथूनच मी शिंदे साहेबांना फोन केला. हे महापालिकेचे समुदाय संघटक. शहरातले बेघर, फेरीवाले आणि बचत गट असं सगळं एकट्यानं बघायचे, म्हणून हेल्मेट कधी खाली ठेवायला त्यांना वेळ नसायचा. त्यांनी वॉर्डातल्या आरोग्य सेविकेला पाठवलं, पेन्शनचा अर्ज भरून घेतला आणि एक तोड काढली. म्हाताऱ्यानं दिवसा आमच्याकडं बसायचं आणि संध्याकाळी मुलानं त्याला घरी न्यायचं. ते नियमात बसतं का, असं मी विचारलं. "बसवू," साहेब म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मावशींचा जीव टांगणीला लागायचा. मुलगा आला नाही तर? म्हाताऱ्याला जेवायला घालून त्या फाटकात उभ्या राहायच्या आणि रस्त्यावरची प्रत्येक रिक्षा बघायच्या. मुलगा यायचा. उशिरा, कुरकुरत, पण यायचा. पुढच्या वर्षी म्हातारा घरी, स्वतःच्या खाटेवर गेला. मुलगा सांगायला आला तेव्हा मावशी म्हणाल्या, "बरं केलंसा," आणि आत जाऊन रडल्या.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

मिरजेच्या रेल्वे फलाटावरून पोलिसांनी एक बाई आणून सोडली. वय तिशीच्या आसपास, केसांच्या जटा झालेल्या, मनगटं काळवंडलेली. बोलायची नाही. कुणी म्हणालं, 'लक्ष्मी' लिहून टाका. मावशी अडून बसल्या. "तिला तिचं नाव आसंल की. सापडंल तवा लिवा."

शाळेच्या फाटकाला लांब लोखंडी कडी होती. ती वाजली की ही बाई बाकाखाली शिरायची आणि तासन्‌तास बाहेर यायची नाही. मला वाटलं, आवाजाला दचकते. मावशींनी जुन्या लुगड्याचं फडकं फाडून कडीला गुंडाळलं. "आवाजाला न्हाई ताई. कडीला भितीया ती."

सिव्हिलमधली औषधं सुरू झाली. हळूहळू ती स्वतःच्या हातानं जेवायला लागली, मावशींबरोबर भाजी चिरायला लागली. घरचे सापडावेत म्हणून नेहमीसारखा तिचा फोटो आम्ही आसपासच्या पोलीस ठाण्यांत दिला होता.

एका दुपारी फाटकाशी जीप थांबली. दोघं जण जीपपाशीच उभे राहिले, एक आत आला. पांढरेशुभ्र कपडे, हातात पेढ्यांचा पुडा, बोलणं मऊ. कवठे महांकाळकडचा बागायतदार, नाव संपतराव. "माझी बायको आहे मॅडम. डोकं फिरल्यापासून घर सोडून जाते. आम्ही किती शोधलं." त्यानं लग्नाचा फोटो दाखवला, दोघांची आधार कार्डं दाखवली. तीच होती. वैजयंता. कागद सगळे बरोबर होते.

मग त्यानं आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली. "वैजू! अगं, मी आलोय."

मावशी आत गेल्या. बाहेर आल्या त्या दार ओढून घेऊन दारालाच पाठ लावून उभ्या राहिल्या. मी जवळ गेले तशा कानात म्हणाल्या, "ताई, ह्येचा आवाज आयकला आन् ती उभ्या उभ्या मुतली."

मीही दारापाशीच उभी राहिले.

"काय झालं मावशी?" संपतरावानं हसत विचारलं.

मावशींनी कापणारे हात पदराखाली घेतले. "ती न्हाई येनार."

"न्हाई म्हंजे?"

"मला तुमची भ्या वाटती, दादा. तुमी मला कवा बोट बी लावलं न्हाई, तरी वाटती. मंग तिचं काय आसंल?"

तो माझ्याकडं वळला. "मॅडम, वेडीला विचारून न्यायचं असतं का?"

मी म्हटलं, तिची संमती लागते आणि मी साहेबांना बोलावते. "बोलवा की," तो म्हणाला आणि व्हरांड्यातल्या बाकावर ऐसपैस बसला. घाई नव्हती त्याला. पेढ्यांचा पुडा शेजारी ठेवला. भर दुपारची वेळ, रस्त्यावर माणसं होती, पलीकडं भाजीवाला ओरडत होता, आणि मला वाटत होतं, इथं कुणी नाही.

"मावशी, गाव कुठलं तुमचं?" त्यानं विचारलं.

मावशींनी सांगितलं.

"आन् हितं ऱ्हायला?"

मावशींनी तेही सांगितलं. वस्ती, गल्ली, घरमालकाचं नाव, निळं दार. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण त्या सांगतच सुटल्या. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, "भ्यालं की मला खोटं सुचत न्हाई ताई."

शिंदे साहेब आले, बरोबर पोलीस ठाण्यातल्या एक बाई. आम्ही आत गेलो. वैजयंता बाकाखाली, गुडघ्यांत डोकं घालून. पोलीस बाईंनी प्रेमानं विचारून बघितलं. काही नाही. मग मावशी बाकाशेजारी फरशीवर बसल्या आणि आपल्याशीच बोलल्यासारखं बोलू लागल्या. "मी लय भित्री हाय गं. कुत्र्याला भिती. सुईला भिती. ह्या पोलीसबाईला बी भिती मी, खाकी दिसली की पोटात गोळा येतोय. भाईर त्यो बसलाय, त्येला तर लयच. माझं सांगून झालं. तू कशाला भितीस?"

बराच वेळ गेला.

"गोठा," बाकाखालून आवाज आला.

तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. घोगरा होता.

"कडी लावत्यात. म्हशीसंगं. आंगठा दे म्हनत्यात. बाचं रान माझ्या नावावर हाय. मी न्हाई दिला."

पोलीस बाईंनी टिपून घेतलं. बाहेर जाऊन त्यांनी संपतरावाला सांगितलं, की आज नेता येणार नाही आणि ठाण्यात यावं लागेल. त्यानं वाद घातला नाही. उठला, कपडे झटकले आणि मावशींच्या अगदी जवळून जाताना म्हणाला, "येतो मावशी. एकदा चहाला येतो तुमच्याकडं."

आणि आले ते. तो नाही, ते जीपपाशी उभे असलेले दोघं. मावशींच्या घरमालकाच्या खाटेवर बसले. शालनबाई कधी येतात, कधी जातात, एकट्याच असतात का, असं चौकशीच्या सुरात विचारलं, पाणी पिऊन गेले. वावगं काहीच बोलले नाहीत. मग पुन्हा एकदा आले. ठाण्यात सांगितलं, पण चौकशी करणं आणि पाणी पिणं यावर कुणाला पकडणार?

घरमालक वाईट माणूस नव्हता. "शालनबाई, तुमी लाख चांगल्या," तो म्हणाला, "पर माझ्या घरात लेकी हायत."

दुसऱ्या दिवशी मी निवाऱ्यावर आले तर फाटकाबाहेर हातगाडी उभी. त्यावर एक पत्र्याची पेटी, स्टोव्ह, वळकटी. मावशी शेजारी उभ्या. रोज त्याच फाटकातून आत जाणारी बाई त्या दिवशी बाहेर थांबली होती.

"आत या ना मावशी."

"न्हाई ताई. आज मला आत घ्याचं का न्हाई त्ये तुमी ठरवा." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "मला ठाव हाय हितनं परत घर गावत न्हाई."

मी पेटी उचलली. ती जड नव्हती. त्या रात्रीपासून बायकांच्या खोलीत वैजयंताशेजारी मावशींची गादी पडली. काम त्या पहिल्यासारखंच करायच्या, पण जेवायच्या सगळ्यांच्या शेवटी, पातेल्यात उरलं तर. मी रागावले तेव्हा म्हणाल्या, "आता मी वाढनारी का खानारी, त्येच कळंना झालंय."

पोलिसांनी वैजयंताचं माहेर शोधून काढलं, म्हसवडजवळच्या एका वस्तीवर. आई म्हातारी, धाकटा भाऊ फौजेत. तो सुट्टी काढून आला. ताठ, लाजाळू पोरगा. पण मावशींचा आता कुणाच्याच कागदांवर विश्वास नव्हता. त्यांनी त्याला व्हरांड्यात उभं केलं. "हितनंच बोला कायतरी. मोट्यानं."

"काय बोलू?"

"घरचं काय बी."

मावशी आत जाऊन वैजयंताच्या तोंडाकडं बघत बसल्या. बाहेर तो जवान येरझाऱ्या घालू लागला. शेवटी तो ओरडला, "अक्का! काळी शेळी व्याली गं! दोन करडं झाल्यात!"

वैजयंता उठली. स्वतः दार उघडून बाहेर आली आणि भावाच्या शर्टाची बाही धरून उभी राहिली. ती सोडायलाच तयार नव्हती.

ती म्हसवडला गेली. मावशींची भीती मात्र तिच्याबरोबर गेली नाही. भाऊ फौजेत परत गेला की तिथं दोघी बायकाच, या विचारानं त्या जेवायच्या नाहीत. शिंदे साहेबांनी तिकडच्या ठाण्यात सांगून ठेवलं. दुपारी वैजयंताचा फोन यायचा. एखाद्या दिवशी उशीर झाला की मावशी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या, जणू म्हसवड तिथून दिसतंय.

मावशींचंही साहेबांनीच मार्गी लावलं. निवाऱ्यातल्या ज्या बायका कमवायला लागल्या होत्या, त्यांनी मिळून खोली घ्यायची आणि सुरुवातीची अनामत महापालिकेच्या योजनेतून भरायची, असा प्रस्ताव त्यांनी मंजूर करून आणला. मावशी आणि हळदीच्या गोदामात जाणाऱ्या हौसाबाई, अशा दोघी एका खोलीत राहायला गेल्या. पहिल्या दिवशी मावशींनी घरमालकिणीला बसवून सगळं सांगितलं: कोण येऊ शकतं, काय विचारतील. "आधी सांगिटलेलं बरं. मागनं कळलं तर तुमी बी भ्याल." घरमालकीण विधवा होती आणि तोंडानं फाटकी. ती म्हणाली, "येऊ द्या मुडद्यांना."

पुढं मी सातारला आले. वैजयंताचा खटला अजून चालू आहे. रान तिच्याच नावावर आहे आणि ती आईपाशी सुखरूप आहे. मावशींची साक्ष होती तेव्हा मी एसटीनं सांगलीला गेले, सोबतीला म्हणून. त्यानंतर आमची प्रत्यक्ष भेट नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात मावशी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. समोरच्या बाकावर संपतराव, तसेच पांढरे कपडे. त्याच्या शेजारी एक कोवळी मुलगी, डोक्यावरून पदर, गळ्यात नवं मंगळसूत्र, मांडीवर जेवणाचा डबा.

"मावशी, बऱ्या हाय ना?" तो म्हणाला.

मावशींनी माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. तेवढ्यात शिपायानं त्यांच्या नावाचा पुकारा केला.

मी दारातून बघत होते. त्याच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही फार घाबरट आहात असं सगळे सांगतात. भीतीपोटी तुम्हाला काहीही ऐकू येतं, काहीही दिसतं. खरं ना?"

"व्हय साहेब, भित्री हाय मी. आता बी पाय लटपटत्यात." मावशींनी कठड्याला धरलं. "पर ती जितं मुतली ती फरशी मी धुतलीया. त्यात आयकलेलं कायबी न्हाई."

त्या बाहेर आल्या तेव्हा घामानं भिजल्या होत्या. संपतराव आत वकिलांशी बोलत थांबला होता. बाकावर ती मुलगी एकटी होती. मी मावशींना जिन्याकडं नेत होते, तर त्यांनी हात सोडवून घेतला. बाकापाशी जाऊन वहाण सारखी करायला वाकल्या आणि खाल मानेनं, भराभरा बोलू लागल्या.

"पोरी, स्टँडवर उतरलीस की कुनाला बी जुनी शाळा इचार. आता तितं बेघर लोकं ऱ्हात्यात. कवा बी ये. दिसा ये, रातीला ये. पैसं न्हाई लागत. माझं नाव शालन."

मुलगी डब्याकडं बघत राहिली. आतून संपतराव बाहेर आला. त्यानं मावशींकडं बघितलं, मग मुलीकडं. "चल," एवढंच म्हणाला. ती उठून त्याच्या मागून गेली.

मावशी तिथंच पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांच्या हनुवटीवरून खाली सांडलं. माझ्या गाडीची वेळ होत आली होती. फाटकाशी रिक्षा थांबवली आणि म्हटलं, "मावशी, तुम्हाला खोलीवर सोडते."

"तुमी व्हा म्होरं ताई. मी जरा थांबते."

रिक्षा वळली तेव्हा मी मागं बघितलं. कोर्टाच्या फाटकातून ती जीप बाहेर पडत होती. मावशी रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या होत्या, पदर मुठीत धरून. जीप त्यांच्या इतक्या जवळून गेली की लुगडं उडालं. त्या मागं सरल्या नाहीत. जीपच्या मागच्या काचेतल्या त्या मुलीकडं बघत त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं आणि ओठ हलवले. पुन्हा एकदा नाव सांगत होत्या.